ओईएमचा मिलिटरी कोटा

माझ्या सासऱ्यांनी घरी कॉम्प्युटर आणला आणि गावातल्या निम्म्या माजी सैनिकांनी आमच्याकडे चहाला येणं बंद केलं.

खरं तर कॉम्प्युटरवर कुणाचाच राग नव्हता. राग होता त्याच्यासोबत आलेल्या एका पातळ पाकिटावर, आणि त्या पाकिटाचा अर्थ लावणाऱ्या दोन विद्वानांवर. त्यातले एक विद्वान म्हणजे माझे सासरे. दुसरी मी.

मी मूळची सांगलीची. लग्नाआधी तिथं मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. नव्वदीतला डिप्लोमा काय प्रकार होता, हे आजच्या पोरांना सांगून पटायचं नाही. वर्गभर मुलं आणि कॉम्प्युटर एक! तो एसीत, आम्ही उकाड्यात. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, हात पुसायचे आणि सर सांगतील तेवढंच बटण दाबायचं. माझी पाळी येईपर्यंत तास संपत आलेला असायचा, त्यामुळे माझ्या वाट्याला बहुतेक वेळा 'एंटर' आलं. तरीही सर्टिफिकेटवर 'प्रथम श्रेणी' छापून मिळालं, आणि त्या सर्टिफिकेटसह मी साताऱ्याजवळच्या एका गावात सून म्हणून दाखल झाले.

सासरे, म्हणजे मामंजी, सुभेदार म्हणून रिटायर झालेले. पण रिटायर झाले ते फक्त सरकारी कागदावर. चहाला उशीर झाला की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायचे, "सप्लाय लाइन तुटली काय?" मला बघायला आले तेव्हाही त्यांनी कांदेपोह्यांकडे ढुंकून पाहिलं नाही.

"कॉम्प्युटर चालवता येतो?"

"येतो."

"खोलता येतो?"

"नाही."

"हरकत न्हाई. खोलायचं मी बगीन."

झालं! लग्न ठरलं. (माझे यजमान त्या वेळी शेजारीच बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. पुढंही फारसं विचारलं नाही. ते शिरवळला एका कारखान्यात कामाला होते आणि घरातल्या लढायांपासून लांब राहण्याची ती उत्तम जागा होती.)

घरात लढाई होती ती पुढच्या खोलीवरून. रस्त्याला लागून, स्वतंत्र दार असलेली ती खोली सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, पिठाच्या गिरणीसाठी पाहिजे होती. मला पाहिजे होती कॉम्प्युटर क्लाससाठी. गावातल्या बऱ्याच पोरी दहावी-बारावी होऊन घरात बसलेल्या. क्लाससाठी त्यांना रोज एसटीनं साताऱ्याला धाडायला घरचे तयार नव्हते, पण "सुभेदाराच्या घरातच हाय न्हवं? मग जा की," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे नावं घातली होती. शेवटी मामंजींनी तह घडवून आणला. दसऱ्याला क्लास सुरू झाला तर खोली माझी. नाही झाला तर दिवाळीच्या आत तिथं गिरणी बसणार. आत्याबाईंनी तह मान्य केला आणि त्याच संध्याकाळी टेप घेऊन खोली मोजली!

मला ती खोली मनापासून हवी होती, हे सांगायला आता काय लाजायचं? शिकलेलं सगळं वाया जाईल अशी धास्ती वाटायची. खोली गेली तर माझी प्रथम श्रेणी भाकरीच्या पिठात जाणार होती, आणि तेही घरच्याच गिरणीच्या.

खरेदीला आम्ही सांगलीला गेलो. सोबत माझा भाऊ होता. त्याच्या ओळखीचा बंडूशेठ म्हणून एक दुकानदार होता. तो सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचा, ज्याला तेव्हा सगळे 'असेंबल' म्हणायचे. मामंजी म्हणाले, "जोडायचं कष्ट घेऊ नका. सुटं पार्ट द्या. म्या डोळ्याला पट्टी बांधून मशिनगन खोलून जोडलीया."

"आवं सुभेदार, ह्याला वायरी लय असत्यात."

"पट्टी काडून जोडीन."

बंडूशेठनं हात टेकले. "बरं. पर डिस्क चालती का न्हाई तेवढी बगून देतो," म्हणून त्यानं आमची डिस्क त्याच्या मशीनला लावली, त्यात कुठली तरी जुनी सिस्टिम टाकून पाहिली, आणि चालतेय म्हणताना काढून खोक्यात भरली. माणूस किती काळजीचा, असं आम्हाला वाटलं. ती काळजी पुढं आम्हाला फार महागात पडली.

मग निघाला ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय. नुसतं यंत्र घेऊन भागत नाही, त्यात जीव घालणारं सॉफ्टवेअर वेगळं घ्यावं लागतं, हे मामंजींना मी एसटीतच समजावलं होतं. बंडूशेठनं काउंटरवर एक भलामोठा रंगीत खोका ठेवला आणि त्याच्याशेजारी एक पातळ पाकीट.

"ह्यो रिटेल. सीडी हाय, जाड पुस्तक हाय, अडलं तर कंपनी फोनवर सांगणार. आन् हे ओईएम. आतलं डिट्टो तेच. किंमत निम्म्याच्या खाली."

"मग ह्यात खोट काय?" मामंजींनी विचारलं.

"खोट काय न्हाई की ओ. हे फक्त नव्या मशीनसंगं द्यायचं, सुटं इकायचं न्हाई. पाठराखणीगत असतंय. नवरीसंगंच जायाचं! वर लिवलंयच बगा."

मामंजींनी चष्मा लावला. पाकिटावर इंग्रजीत बारीक अक्षरांत स्वतंत्र विक्रीसाठी नाही असं काहीतरी छापलं होतं. ते त्यांनी एकदा वाचलं, दोनदा वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सीमेवर कुणी गाववाला भेटावा तसा आनंद पसरला.

"आरं, ही वळ माज्या वळखीची हाय! मिलिटरी कॅन्टीनच्या बाटलीवर अशीच असती. भायेर इकायची न्हाई, हक्काच्या मान्सालाच द्यायची. म्हून तर स्वस्त!" मग त्यांनी पाकिटावरच्या तीन अक्षरांवर बोट ठेवलं. "ओ म्हंजी ऑफिसर. ई म्हंजी एक्स. एम म्हंजी मिलिटरी. ऑफिसर अँड एक्स-मिलिटरी! आमी ऑफिसर न्हाई, पर तिनातली दोन अक्षरं तर आमचीच हायेत!"

मामंजी माझ्याकडे वळले. "काय सुनबाई, बरोबर हाय न्हवं?"

आता मी प्रथम श्रेणीची. आमच्या डिप्लोमात ओईएम शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी मला त्यातलं शेवटचं 'एंटर'च मिळालं असतं. पण सासऱ्यांपुढं, भावापुढं आणि दुकानदारापुढं 'माहीत नाही' म्हणायचं? शिवाय अर्थ बसतही होता की!

"बरोबरच असणार," मी म्हणाले.

मामंजींनी खिशातून माजी सैनिकाचं ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. बंडूशेठनं ते उलटसुलट करून पाहिलं. समोरचं गिऱ्हाईक खूश असताना त्याला शहाणं करायचं नसतं, हे सांगलीच्या बाजारात कुणाला शिकवावं लागत नाही. त्यानं ओळखपत्र दोन्ही हातांनी परत केलं आणि म्हणाला, "तुमच्यासाठीच ठेवलंय की ओ!"

घरी आल्यावर मामंजींनी सोप्यात घोंगडं अंथरलं, त्यावर सगळे भाग लहान ते मोठे असे ओळीत मांडले आणि जोडणी सुरू केली. मी वायरी धरून उभी. आत्याबाई लांबून बघत होत्या. सगळं बसल्यावर दोन स्क्रू उरले. मी ते दाखवले.

"ते रिझर्व," मामंजी म्हणाले.

बटण दाबलं. पंखा फिरला, आतून 'पिक' असा आवाज आला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. मामंजींनी मिशीवरून हात फिरवला. "शिट्टी झाली, आता उतरवा," आत्याबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

इथं जर मामंजी गप्प बसले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मिलिटरीतला माणूस गुपित राखतो ते शत्रूपासून, स्टँडवरच्या हॉटेलापासून नाही. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी जाहीर केलं, "आता कॉम्प्युटरचं सामानबी आपल्या कोट्यात आलंया. ओईएम म्हनत्यात त्याला. कार्ड दावलं की निम्म्या किमतीत!"

आमच्या गावात असं घर शोधून सापडणार नाही, ज्यातला एक तरी माणूस मिलिटरीत गेला नाही. बातमी चहा गार व्हायच्या आत गावभर झाली. मिलिटरीच्या संदेश विभागात, म्हणजे सिग्नलमध्ये, हवालदार राहिलेले तात्या निकम हे मामंजींचे जिवलग दोस्त. रोजचा सकाळचा चहा त्यांचा आमच्याकडेच असायचा. ते पुढाऱ्यासारखे चार जणांना जीपमध्ये घालून थेट साताऱ्याच्या कॅन्टीनला गेले. तिथं खिडकीपाशी काय झालं, ते पुढं त्यांनीच सांगितलं.

"ओईएम द्या."

"काय द्या?"

"ओईएम. कोट्यातलं."

"साबण हाय, कुकर हाय, पंखा हाय. ओईएम न्हाई."

"न्हाई म्हंजी? संपलं काय?"

मागं रांग लागलेली, उन्हाचा कडाका, त्यात हे भलतंच नाव. खिडकीतला माणूस बिचारा वैतागून म्हणाला, "बरं, संपलं म्हना!"

झालं! 'संपलं' ही बातमी जीपच्या आधी गावात पोचली. जी वस्तू काय आहे हे कालपर्यंत कुणाला माहीत नव्हतं, ती आपल्याला मिळाली नाही म्हणून आज गाव हळहळू लागलं. एकानं ती पाण्याची मोटर असल्याचं सांगितलं. वरच्या आळीतली पेन्शनवाली म्हातारी काठी टेकत आली आणि मला म्हणाली, "सुनबाई, आमच्या ह्यांच्या नावावरबी आसंल की त्ये. माजा वाटा मला दे. खायाचं आसंल तर नातवाला घालीन." तिला मी काय देणार? मूठभर शेंगदाणे दिले. ती ते ओईएम समजून घेऊन गेली.

आणि मग कुजबुज सुरू झाली. संपलं म्हणजे कुणीतरी नेलं. कुणी नेलं? सुभेदारानं! त्याच्या घरात तर आलंय! वशिला लावला, आख्ख्या गावाचा कोटा उचलला. तात्या निकमांनी सकाळचा चहा बंद केला. त्यांच्यामागोमाग बाकीच्यांनीही. मामंजी सोप्यात एकटे बसून कपाकडे बघायचे.

"सारी नोकरी झाली, एक खिळा घरी आनला न्हाई," ते मला म्हणाले, "आन् आता मी कोटा खाल्ला म्हनत्यात व्हय!"

मला फार वाईट वाटलं. पण माझ्यापुढं त्याहून मोठं संकट होतं. दसरा तोंडावर आला होता आणि ते पाकिटातलं ओईएम मशीनमध्ये शिरायला तयार नव्हतं! सीडी घातली की ती थोडी घरघरायची आणि पडद्यावर इंग्रजीत सूचना यायची. शब्दकोश घेऊन मी तिचा अर्थ लावला: या यंत्रात आधीची सिस्टिम सापडली आहे. ही आवृत्ती फक्त नव्या यंत्रासाठी आहे. अधिक माहितीसाठी यंत्र बनवणाऱ्याशी संपर्क साधा.

"आदीची कोन?" मामंजींनी दरडावून विचारलं.

आत्याबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरोबरच हाय की तिचं. सवतीवर कोन नांदल?"

त्या बोलण्याकडे आम्ही दुर्लक्ष केलं. (आम्ही विद्वान होतो ना!) पाकिटातल्या बारक्या पुस्तिकेच्या मागं कंपनीचा मदतीचा नंबर होता. तो घेऊन मी आणि मामंजी गावातल्या एसटीडी बूथवर गेलो. सुभेदार ओईएमबद्दल कुठंतरी लांब फोन लावतोय म्हटल्यावर तात्या निकम आणि मंडळी, बोलणं टाकलेलं असूनही, दाराशी येऊन उभी राहिली. फोन लागला. पलीकडची बाई हिंदीत बोलत होती.

"मॅडम, रिटेल है या ओईएम?"

"ओईएम!" मी ठणकावून सांगितलं. मामंजींनी छाती पुढं काढली.

"फिर हम मदद नहीं कर सकते. कॉम्प्युटर जिसने बनाया है, उनसे पूछिए."

"बनाया तो हमारे ससुरजी ने है."

"तो मॅडम, ससुरजी से पूछिए."

मी फोनवर हात ठेवला. "मामंजी, ती म्हणते तुम्हाला विचारा."

"काय इचारा?"

"पुढं काय करायचं ते."

"आगं, त्येच तर आपन तिला इचारतोय!"

मी फोन पुन्हा कानाला लावला. "ससुरजी आपसे पूछ रहे हैं."

"लेकिन मॅडम, ओईएम तो वो खुद हैं! उनको मालूम होना चाहिए."

"मामंजी, ती म्हणते ओईएम तुम्हीच आहात."

"व्हय! सांग तिला, कार्डबी हाय!"

मीटरवरचे लाल आकडे पळत होते. बूथवाल्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरत चाललं होतं. शेवटी मी ती गोष्ट केली, जी सांगलीच्या दुकानातच करायला हवी होती. आवाज अगदी बारीक करून विचारलं, "ओईएम मतलब क्या होता है?"

तिनं सांगितलं. शांतपणे, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मी फोन ठेवला आणि वळले. दारात सगळी माजी पलटण कान टवकारून उभी.

"काय म्हनली?" तात्यांनी विचारलं. बोलणं टाकल्यानंतरचा त्यांचा तो पहिला शब्द होता.

"ओईएम म्हणजे... ज्यानं मशीन तयार केलं तो. त्याच्यासाठी स्वस्तात देतात. मिलिटरीचा काही संबंध नाही."

"म्हंजी कोटा न्हवताच?"

"नव्हता."

"मग आमचा कुनी खाल्ला न्हाई?"

"नव्हताच, तर खाणार काय तात्या!"

तात्यांनी मोठा श्वास सोडला. एखाद्याचं हरवलेलं जनावर गोठ्यात सापडावं तसा त्यांचा चेहरा झाला. पण मामंजी मात्र पार उतरले होते. "म्हंजी म्या सांगलीत कार्ड उगंच दावलं व्हय?" ते पुटपुटले. आणि मग एकाएकी त्यांची मान ताठ झाली. "थांबा. मशीन कुनी जोडलं?"

"तुम्ही."

"मग ओईएम कोन?"

"तुम्हीच."

"ऐकलंसा का रं?" मामंजी दाराकडं वळून म्हणाले. "कंपनीच्या बाईनं सोता सांगितलंय. आख्ख्या तालुक्यात ओईएम म्या एकटाच हाय!"

तात्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "चल गड्या, च्या पाज."

बूथवरून निघायच्या आधी मी सांगलीला बंडूशेठला फोन लावला. तो पोट धरधरून हसला आणि मग म्हणाला, "आवो ताई, ती डिस्क बगताना मी टाकलेली जुनी सिस्टिम तशीच ऱ्हायली की ओ! ती पुसा, डिस्क कोरी करा. मग हे गुमान बसतंय." म्हणजे आत्याबाईंनी लसूण सोलता सोलता जे फुकट सांगितलं होतं, तेच आम्ही लांबच्या दोन फोनांचे पैसे मोजून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रांची पूजा असते. तलवार, कोयता, विळा, खुरपं आणि त्या वर्षी कॉम्प्युटर! पूजेनंतर डिस्क पुसायची आणि सिस्टिम बसवायची, असं ठरलं. पूजा आत्याबाईंच्या हातची. मॉनिटरला झेंडूची माळ पडली. कॅबिनेटवर ओलं कुंकू लावून झालं. आता आत्याबाई सीडीच्या चकचकीत बाजूला बोट टेकणार, तेवढ्यात मी झडप घालून सीडी हिसकावली. वाचवली! त्या पराक्रमानं मी इतकी हुरळले की पाटावरच्या पुस्तिकेकडे माझं लक्षच गेलं नाही.

दुपारी डिस्क पुसली. सीडी घातली. या वेळी ती नववधूसारखी बिनतक्रार आत गेली. सगळी पलटण चहाचे कप हातात घेऊन मागं उभी. पडद्यावर प्रश्न आला: पुस्तिकेवर छापलेला परवान्याचा क्रमांक टाका. मी पुस्तिका उचलली. क्रमांकाच्या बरोबर मधोमध, ठसठशीत, ओल्या कुंकवाचं स्वस्तिक!

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"मोकळी जागा कुटं हुती? हितंच जरा पांढरं दिसलं."

तात्या निकम पुढं सरसावले. सिग्नलचा माणूस, अक्षरं ओळखण्यात आयुष्य गेलेलं. "थांबा, म्या सांगतो. तीन हाय त्यो." मी तीन टाकला. चूक! "मग आट." चूक! "सून्य आसंल." चूक! मागून एकजण म्हणाला पाच, दुसरा म्हणाला सहा, आणि कुणीतरी मागून नऊ उलटा धरून बघा असा सल्ला दिला. एका आकड्यावर एवढं मतदान, आणि कुंकवाखाली तर आणखी आकडे होते! कापसानं पुसायला गेले तर कुंकू आणखी पसरलं. आत्याबाई उठल्या, पुढच्या खोलीच्या दारापाशी गेल्या आणि उंबऱ्यापासून भिंतीपर्यंत पुन्हा एकदा नजरेनं अंतर घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

ते मामंजींनी पाहिलं असावं. त्यांनी पुस्तिका माझ्या हातातून घेतली, अंगणात नेली आणि सूर्याकडं धरली. "नकाशा भिजला की असा बगायचा आसतो," म्हणाले. कुंकवामागून छापील आकडे उन्हात अंधूकसे दिसू लागले. ते एकेक आकडा ओरडून सांगायचे, तात्या दारात उभे राहून तो मोठ्यानं पुढं पाठवायचे, आणि मी आत बसून टाकायची. शेवटचा आकडा टाकून मी डोळे मिटले आणि आयुष्यभराच्या सरावानं एंटर दाबलं.

बसलं! घरात असा जल्लोष झाला की शेजारचे लोक मुलगा झाला का विचारायला आले.

दसऱ्याच्या सकाळी पुढच्या खोलीत क्लास उघडला. पोरी नव्या कपड्यांत आलेल्या, पालक भिंतीला टेकून उभे. तात्यांनी नारळ फोडला. मामंजी बेल्ट आवळून दारात उभे राहिले आणि येईल त्याला सांगू लागले, "मशीन म्या सोता बनवलंय." मी पदर खोचून मशीनकडं पाठ केली आणि भाषण सुरू केलं. कॉम्प्युटर म्हणजे काय, त्याचे भाग कोणते, तो किती विश्वासू असतो. बोलता बोलता मी इतकी रंगले की थांबलेच नाही. पोरी मात्र माझ्याकडं न बघता माझ्यामागं बघायला लागल्या. मी वळले.

पडदा काळाठिक्कर!

मी एक बटण दाबलं, ते नुसतं पडद्याचा उजेड कमी-जास्त करणारं होतं. खाली वाकून वायरी बघितल्या. खोलीत कुणी खोकलं. एका पोरीचा बाप म्हणाला, "बाई, ह्यो झोपला काय?" दारात आत्याबाई उभ्या होत्या. आता काहीतरी जाणकारीचं बोलणं भाग होतं, आणि मला त्या आठवड्यात शिकलेलं एकच वाक्य आठवलं.

"अशा वेळी," मी गंभीरपणे म्हणाले, "यंत्र बनवणाऱ्याशी संपर्क साधायचा असतो."

सगळ्या माना मामंजींकडं वळल्या. मामंजी पुढं आले. मशीनला एक फेरी घातली. मागून, पुढून पाहिलं. पंखा फिरत होता, दिवा लागलेला होता. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"मशीन माजं चोख हाय. बिघाड आसंल तर मास्तरणीत हाय," ते म्हणाले. "आन् मास्तरीण काय म्या बनवली न्हाई. ती सांगलीचा माल हाय. सांगलीला फोन लावा!"

हशा पिकला. इतका की माझा चेहरा मॉनिटरच्या माळेतल्या झेंडूसारखा लाल झाला असावा. तेवढ्यात आत्याबाई पदर सावरत आत आल्या. "आवं, नव्या वस्तूवर धूळ किती ती!" असं म्हणत त्यांनी पदरानं माऊस पुसला आणि पडदा लख्ख उजळला! (यंत्राला थोडा वेळ कुणी हात लावला नाही की पडदा आपोआप काळा होतो, हे मला नंतर कळलं. बऱ्याच नंतर.)

खोलीभर टाळ्या पडल्या. आत्याबाईंनी माऊसकडं पाहिलं, पोरींकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झालेला दिसला. "ऱ्हाऊ दे गिरनीचं," त्या म्हणाल्या. "ही खोली मास्तरणीवर सोडून चालायची न्हाई. कुनीतरी जानतं मानूस हितं पायजेच." त्या दिवसापासून क्लासच्या वेळात त्या खुर्ची टाकून दारात बसू लागल्या, आणि काहीही अडलं की पोरी मला नाही, त्यांना हाक मारू लागल्या.

तात्या निकमांनी मात्र सुभेदारांचा हुकूम तंतोतंत पाळला होता. त्यांनी बूथवर जाऊन खरोखरच सांगलीला माझ्या माहेरी फोन लावला आणि आईला सांगितलं की तुमच्या मालात बिघाड निघालाय, काय करायचं बोला.

आई म्हणाली, "आवं, अक्षता पडल्या त्याच दिवशी आमची गॅरंटी संपली की ओ!"